सतरा नंबरचा निळा

चिंचखोरी, ता. अंबाजोगाई
६ जुलै २०२५

दादा, जय भीम.

आधी आईचं सांगते, न्हाईतर तू सगळं पत्र धडाधडा वाचत आईलाच शोधत बसशील. आई बरी हाय. अंगणवाडीत जाते, गुडघा धरला की दोन दिवस बसते, आणि तुझं नाव निघालं की माझ्यावर ओरडते, जसं काय मीच तुला बीडच्या जेलात टाकलं. फोनची पाच मिनिटं तिच्याच वाट्याला जातात, म्हणून मी आपली कागदावर.

आता कामाचं. मला मोठी ऑर्डर आलीय. बावीस पुतळे, बोटाच्या दोन पेरांएवढे, आणि त्यांच्यासाठी आपल्या गावचा चौक. पाण्याची टाकी, पार, गिरणी, समाजमंदिर, सगळं. ऑर्डर आणली त्रिंबक सरांनी. हो, आपलेच चित्रकलेचे त्रिंबक सर, ज्यांनी तुझ्या हातात पहिल्यांदा शून्य नंबरचा ब्रश दिला. ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीत काचेच्या पेटीत ठेवायचं म्हणे.

आईनं ऐकलं आणि तवा खाली ठेवला. "ग्रामपंचायत म्हंजी सुंदरराव," म्हणाली. "कागदावर सरपंच बायनाबाई, पण नवऱ्याला विचारल्याबिगर ती बाई चहा पण पीत न्हाई. ज्याच्या पुतण्याच्या खुनात माझं लेकरू आत हाय, त्याच्यासाठी तू बाहुल्या करणार?"

मी पण सरांना हेच बोलले. सर म्हणाले, "पोरी, त्यांचा राम टाकीच्या शिडीवरून पडून गेला त्याला दीड वरीस झालं, पण गावाचं डोकं आजून तापलेलंच हाय. तुझ्या हातनं गावाचा चौक झाला तर उद्या कोर्टात उभं ऱ्हाताना चार माणसं इचार करतील." दादा, राम पडला तेव्हा तू घरात होतास, मी आणि तू पुण्याच्या गिऱ्हाइकाची खोकी बांधत होतो. पण बहिणीचं कोण खरं धरतंय? आठवडाभर आधी तू त्याच्याशी आपल्या वस्तीच्या पाण्यावरून भांडलास, तेवढंच सगळ्यांच्या ध्यानात ऱ्हायलं. म्हणून मी हो म्हणले. शिव्या द्यायच्या तर दे.

अडचण अशी, की मुदत थोडी. तुझ्यासारखं एकेका घडीला तीन-तीन रंग लावत बसले तर दिवाळी उजाडेल. तू म्हणायचास शाईनं काम झटक्यात होतं, ती आपली आपणच घड्यांत उतरते. तुझ्या पत्र्याच्या पेटीत शाईच्या सात बाटल्या हायत. कोणती कशाला? एका वाया गेलेल्या पुतळ्याच्या तोंडाला तपकिरी लावून बघितली तर वाळल्यावर नुसती वर्तुळं उठली, बिचाऱ्याला देवी आल्यासारखं दिसायला लागलं.

तुझी आमू


बीड
१४ जुलै

आमे, जय भीम.

शिव्या देणारच होतो, पण देवी आलेल्या माणसाचं वाचून एकटाच हसत बसलो. शेजारचा म्हणाला, काय बे, जामीन झाला का?

नीट ऐक. त्या सात बाटल्या एकसारख्या न्हाईत. चार बाटल्यांच्या झाकणाला ड्रॉपर हाय, ती ॲक्रिलिक शाई. एकदा वाळली की पाण्याला दाद देत न्हाई. साड्या, धोतरं, शर्ट, सगळं तिच्यावर काढ. दोन बाटल्या लाखेच्या ड्रॉइंग शाईच्या, काळी आणि तपकिरी. तिला चकाकी असते, म्हणून ती फक्त केसांना, चपलांना आणि गिरणीच्या पट्ट्याला. अंगाला लावलीस तर माणूस तेलात बुडवल्यासारखा दिसतो. सातवी निळी, पेनात भरायची. तिला हात लावू नको, ती कितीही वाळली तरी ओल्या बोटाला उचलून येते.

पुतळ्याला आधी पांढरा हात मार. शाई पारदर्शक असते, खालचं पांढरं तिच्यातून बोलतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा सुईच्या टोकाएवढा थेंब टाक, म्हणजे शाई एका जागी गोळा होत न्हाई. लावताना मधेच थांबू नको आणि घडीत साचलेली जास्तीची कोरड्या ब्रशच्या टोकानं टिपून घे. तुझी वर्तुळं तिथंच उठली, तू साचू दिलीस आणि आईनं हाक मारली म्हणून उठून गेलीस. गेलीस ना?

कातडीसाठी ड्रॉपरच्या बाटलीतली तपकिरी, पण ती एकच सगळ्यांना फासू नको. गिरणीवाला आणि रानात राबणारी बाई एका रंगाची नसते. कुणात लाल थेंब, कुणात पिवळा. चेहऱ्यावर आधी सायीसारखा फिका रंग लाव, मगच शाई.

सुंदररावाचं काम म्हणून आधी नको लिहिणार होतो. पण सरांनी आणलंय म्हणजे वाईट नसंल. बावीस जण कोण कोण हायत ते कळव. इथं भिंतीशिवाय बघायला काही न्हाई, निदान चौक तरी डोळ्यासमोर मांडतो.

सतीश


चिंचखोरी
२५ जुलै

दादा, जय भीम.

आई हाक मारतच होती, तुला बीडवरून कसं दिसलं रे? तुझी साबणाची युक्ती लई भारी. बारा पुतळे झाले. गिरणीवाल्या राधाकिशनच्या अंगावर पीठ पण उडवलंय, आई बघून हसली आणि मग हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

यादी टाइप करून दिलीय, नंबर टाकून. कोणी काय घातलंय, हातात काय हाय, सगळं. टाकीच्या शिडीला अकरा पायऱ्या पाहिजेत, मोजून, असं खाली वेगळं लिहिलंय. आणि पुतळे चिकटवायचे न्हाईत, सुटे द्यायचे, ते त्यांचे मांडणार. मला जरा विचित्र वाटलं, पण गिऱ्हाईक सांगेल तसं.

चार नंबर धर्मराज, तपकिरी जाकीट, पारावर. तोच, ज्यानं पोलिसांत जबाब दिला की मी पारावरून डोळ्यानं बघितलं, सतीशनं रामला ढकललं. त्या दिवशी तो नारायणगडला गेलता हे सगळ्या गावाला ठाऊक हाय. दुसऱ्या दिवशी घरोघर प्रसाद वाटला, आपल्याकडं सोडून. त्याला रंगवताना मधेच ब्रश ठेवून भाकरी खाऊन आले.

सोळा नंबर राम. पांढरा कुडता, कमरेला टाकीच्या चाव्या. आणि दादा, सतरा नंबर असा हाय: तरुण, बारीक दाढी, विटका निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डाव्या हाताला घड्याळ.

आई म्हणाली, हा तर माझा सतीश. मी सरांना विचारलं. सर खिडकीकडं बघत म्हणाले, "गावातली माणसं हायत त्यात. सतीश काय गावचा न्हाई का?"

तो निळा मला जमेना. ड्रॉपरवाला निळा मंडपाच्या कापडासारखा दिसतोय. पाणी घातलं की फिका होतो, पण जुना होत न्हाई. काय करू?

आमू


बीड
३ ऑगस्ट

आमे,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. शेवटी तो कागद उशाशी ठेवला.

खरं सांगू? मला वाटलेलं गावानं मला पुसून टाकलं. वारंट निघालं तेव्हा समाजमंदिराच्या पलीकडचं एक दार उघडलं न्हाई, आठवतंय ना. आणि आता सुंदररावाच्या यादीत मी हाय. कोर्टात माझ्याविरुद्ध उभा ऱ्हाणारा माणूस चौकात मला जागा देतो, याचा अर्थ त्याच्या मनात काहीतरी हललंय. भाऊबंद म्हणत असतील, पोरगं निर्दोष हाय, मिटवा. सर बोलले तेच खरं असंल. आईला सांग, एवढ्या तेवढ्यावरून सुंदररावाला शिव्या देऊ नको.

सतरा नंबर नीट कर. बाकीचे एकवीस कसेही झाले तरी चालतील, गमतीनं म्हणतोय, पण चालतील.

तो निळा कुठल्या बाटलीत तयार मिळत न्हाई. तुझ्या कॉलेजच्या ॲडमिशनला मी तो शर्ट अंबाजोगाईत घेतला होता, तेव्हा तो चांगला गडद होता. दोन दिवाळ्या, हापशाचं खारं पाणी आणि आईचं आपटणं, तेव्हा कुठं तो रंग आला. त्यासाठी ती सातवी बाटली घे, पेनाची. हात लावू नको म्हणलो होतो, ते विसर. तीन थेंब शाई, दहा थेंब पाणी. पांढऱ्यावर एकच हात. वाळलं की घड्यांत तपकिरीचा निसटता स्पर्श. खांद्यावर काहीच लावू नको, तिथं तो उन्हानं विटला होता. दाढी कमी कर, आई रागावते.

एकच ध्यानात ठेव. ही शाई कधीच पक्की होत न्हाई. तिच्यावर ब्रशनं वार्निश फिरवलंस तर सगळा शर्ट पसरून पॅन्टवर येईल. फवाऱ्याचा डबा घे, हातभर लांबून दोन हलके हात मार. ते केल्याशिवाय पुतळा कुणाच्या हातात देऊ नको.

सतीश


चिंचखोरी
१७ ऑगस्ट

दादा, जय भीम.

सतरा नंबर झाला. आईनं तळहातावर घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि जपून परत ठेवला. रंग तुझ्या शर्टाचाच आला, अगदी तस्सा.

पण एक चूक झाली माझी. फवाऱ्याच्या डब्याचं तोंड वाळून बंद पडलं होतं. लातूरच्या दुकानाला सांगितलं, ते म्हणाले आठवडा लागेल. मुदत वीस तारखेची होती, म्हणून मी निवांत. बारा तारखेलाच दारात जीप उभी. सुंदरराव स्वतः.

आत आले, आईला वाकून नमस्कार केला. आई भिंतीला टेकून उभी ऱ्हायली, बस म्हणली न्हाई. त्यांनी चौक बघितला, पार बघितला, मग दोन बोटांत सतरा नंबर उचलला. "लई हुबेहूब. उचलला तर रंग जातो का?"

मी म्हणले, याला हात लावू नका, हा अजून पक्का न्हाई, आठवडाभर थांबा. ते हसले. "काचेत ऱ्हायचंय त्याला. कोण हात लावतंय?" आणि दादा, त्यांनी तुला शिडीवर उभं केलं. वरून मोजत आले, आठव्या पायरीवर, रामच्या मागं. मान वाकडी करून बघितलं आणि काढून डब्यात ठेवला. मला ते बिलकूल आवडलं न्हाई. सगळा चौक जीपमध्ये चढवून जाताना विचारलं, "सतीशची तारीख कधी हाय गं?" जसं काय त्यांना ठाऊकच न्हाई.

मी उगाच भिते का? तू म्हणतोस त्यांचं मन हललंय. मला तर त्यांच्याकडं बघून काही हललेलं दिसलं न्हाई.

आमू


बीड
२४ ऑगस्ट

आमे,

आठवी पायरी. वकिलांनी मला कागद वाचून दाखवले होते, त्यात पायरीचा आकडा कुठंच नव्हता. "शिडीवरून" एवढंच.

ताबडतोब ग्रामपंचायतीत जा आणि आपला चौक कुठं ठेवलाय ते बघून ये. आत्ताच जा, पत्र खाली ठेवून. पुतळे सुटे कावून मागितले, हे मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. माझा पुतळा म्हणलं की डोकंच चाललं न्हाई माझं.

तारीख १८ सप्टेंबर. धर्मराजची साक्ष हाय.

सतीश


चिंचखोरी
४ सप्टेंबर

दादा,

सगळं क्रमानं लिहिते, घाई केली की मला रडायला येतं.

ग्रामपंचायतीत गेले. नव्या इमारतीवर अजून स्लॅब न्हाई. पेटी कसली, तिथं वाळूवर शेळ्या बसल्या होत्या. बायनाबाईंच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "कसला चौक? मला तर..." आणि आतून सुंदररावांची हाक आली. बाईंनी तोंड मिटलं आणि दार लावून घेतलं.

परवा, मंगळवारी, त्रिंबक सर आले. चादरीत गुंडाळून चौक परत आणला. "जरा रंग उडालाय, नीट करून दे." सर गेल्यावर मी एकेक पुतळा खिडकीशी धरला. वीस पुतळ्यांच्या डोक्यावर धूळ, दिले तसेच. रामच्या पाठीचं पांढरं जरा मळलेलं. आणि सतरा नंबर, दादा, तुझ्या अंगावर शर्टच उरला न्हाई. खांदे, पाठ, छाती पांढरीफटक. निळं सगळं निघून गेलं. दहा-वीस वेळा उचलल्याशिवाय असं होत न्हाई. शिडी बघितली. दहा पायऱ्या स्वच्छ. आठवीवर निळे डाग, एकावर एक.

काल दुपारी गिरणीत गेले. धर्मराज दळण न्यायला आलेला. त्यानं पिठाच्या डब्याला हात घातला तर अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट नखापर्यंत निळं. मला अजून काही कळलं नव्हतं, मी आपली सवयीनं चेष्टेत बोलले, "काय धर्मराजभाऊ, शाई लावून मतदान केलं काय?" त्यानं हात खिशात घातला. तोंड राखेसारखं झालं त्याचं. डबा तिथंच टाकून निघून गेला. राधाकिशन हाका मारतच ऱ्हायला.

तेव्हा माझ्या डोक्यात पडलं. तो नारायणगडला होता, त्यानं काहीच बघितलेलं न्हाई. म्हणून त्याला समोर बसवून शिकवतायत. हा पार, तू इथं. हा राम, हा सतीश, आठवी पायरी. चुकलास, परत ठेव. रोज. आणि त्यांना ते शिकवायला चौक लागत होता, तो मी करून दिला. तुझ्या शर्टाचा रंग तुलाच विचारून दिला. दादा, मी माझ्या हातानं तुला तिथं उभं केलं. काय तोंडानं माफी मागू मी?

अजून एक हाय. सरांनी नवी चिठ्ठी दिली. तेवीस नंबर: मुलगी, चष्मा, एक वेणी, गुलाबी ओढणी, उजवा हात वर केलेला, शिडीच्या पायथ्याशी. मी विचारलं, सर, ही कोण? सर म्हणाले, "मला दिलं ते मी आणलं, पोरी." चहा न पिता गेले.

ही मी हाय. तू घरात होतास असं मी कोर्टात सांगणार, हे वकील अंजलीताईंशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. कसं कळलं कुणास ठाऊक. आता मलाच शिडीखाली उभं करतील, म्हणजे साक्षीदार ऱ्हाणार न्हाई, आरोपी होईन.

आमू


बीड
१० सप्टेंबर

आम्रपाली,

मी सांगतो ते कर, उलट बोलू नको.

सतरा नंबर परत रंगव. तेवीस नंबर कर, चांगला कर. फवारा मार, गुंडाळ आणि सरांच्या हातात दे. तुला काही कळलं न्हाई असं दाखव. अंजलीताईंना सांग की मी साक्ष देत न्हाई. ती गुलाबी ओढणी पेटीत टाक.

परवा जेवणाच्या रांगेत एक जण माझ्या मागं उभा ऱ्हायला. नवा आलाय, मी त्याला ओळखत न्हाई. ताट पुढं करत म्हणाला, "तुझी बहीण मंगळवारी अडीचच्या गाडीनं अंबाजोगाईला जाते ना? खिडकीत बसते." एवढंच. आणि डाळ घेऊन गेला. मी हे कुणाला कधी सांगितलेलं न्हाई. मला तर तू मंगळवारी जातेस हेही ठाऊक नव्हतं.

मला इथं सवय झालीय. शिक्षा झाली तर होऊ दे, वरच्या कोर्टात बघू. तू बाहेर नसलीस तर मी सुटून काय करू? आईला कोण? थोरला भाऊ म्हणून सांगतोय, पाया पडून सांगतोय. माफी-बिफी मागू नको, मला त्या चौकात उभं ऱ्हायची हौस होती, चूक माझीच.

सतीश


चिंचखोरी
१४ सप्टेंबर

दादा, जय भीम.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत बसली. मग म्हणाली, "त्याला लिही, आईनं ऐकलं न्हाई म्हणून."

चौक अंजलीताईंच्या ऑफिसात हाय. सरांना सांगितलं शाई वाळायला वेळ लागतो, पावसाची हवा हाय. सर बरं म्हणून गेले. त्यांना खोटं कळतं, शाळेत असताना पण कळायचं. सतरा नंबरला मी ब्रश लावलेला न्हाई, आहे तसा पांढरा ठेवलाय. तेवीस नंबर केलेला न्हाई आणि करणार न्हाई.

जन्मभर तुझं ऐकलं, या एका वेळी न्हाई ऐकत. रागावायचं तर सुटून ये आणि रागाव. ओढणी मात्र पेटीत टाकली, आणि गाडी बदलली. एवढी काही मी येडी न्हाई.

आमू


बीड
१९ सप्टेंबर

आमे, जय भीम.

साक्षीदार म्हणून तुला बाहेर बसवलं, त्यामुळं आत काय झालं ते तुला कुणी धड सांगितलं नसंल. अंजलीताई वकिलासारखं सांगतात, मी बघितलं तसं सांगतो.

धर्मराज पाठ केल्यासारखा बोलला. पार, राम, सतीश, निळा शर्ट, आठवी पायरी. अंजलीताईंनी विचारलं, आठवी हे पारावरून मोजलं का? तो म्हणाला, "मोजलं न्हाई, दिसलं." मग त्यांनी कापड काढलं. धर्मराजनं आपला चौक बघितला आणि त्याच्या कपाळाला घाम फुटला. ताईंनी विचारलं, हे आधी कधी बघितलंय? "न्हाई, आजच बघतोय." मग त्यांनी बावीस पुतळ्यांचा ढीग त्याच्यासमोर ओतला. "राम आणि सतीश कुठं होते ते मांडून दाखवा."

आमे, त्या माणसानं विचार पण केला न्हाई. हात ढिगात घातला आणि सतरा नंबर बाहेर काढला. खांद्याला धरून, सवयीनं. पायऱ्या न मोजता आठवीवर ठेवला. पुढं रामला. मग स्वतःला पारावर.

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही आत्ताच सांगितलं की सतीशनं निळा शर्ट घातला होता. हा पुतळा पांढरा आहे. यावर निळं काहीच नाही. बावीस जणांतून हाच सतीश, हे तुम्हाला कसं कळलं?"

तो ताईंकडं बघेना, न्यायाधीशांकडं बघेना. मागच्या बाकावर बघायला लागला. न्यायाधीश लई वेळ लिहीत होते. मग त्यांनी चौक जप्त करून ठेवायला सांगितलं. मला ओरडावंसं वाटत होतं, माझ्या बहिणीनं केलाय तो, बघा बघा.

पण मागच्या बाकावर सुंदरराव होता. मला वाटलं त्याचं तोंड पडेल, तो चिडेल. तो शांतपणे उठला, टोपी घातली आणि तू बसली होतीस त्या बाजूच्या दारानं बाहेर गेला. मला परत नेईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तो तुला काय बोलला? ताई म्हणतात तुझी साक्ष ६ ऑक्टोबरला, ती झाली की जामिनाचा अर्ज लगेच. आता तू थांबणार न्हाईस हे मला कळलंय. फक्त तो काय बोलला ते लिही, लपवू नको.

सतीश


अंबाजोगाई
२८ सप्टेंबर

दादा, जय भीम.

लपवत न्हाई. तो माझ्या शेजारी बाकावर बसला. जेवलीस का विचारलं. मी पिशवी जवळ ओढली. मग म्हणाला, "लई बारीक काम हाय तुझं. अशी कामं करणाऱ्यानं डोळे सांभाळावेत, पोरी. रस्त्यानं बघून चालावं." आणि मोबाईल काढून बोलत निघून गेला. शिवी न्हाई, दम न्हाई. आजूबाजूच्या लोकांना वाटलं असेल काका पुतणीशी बोलतोय.

तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून घरासमोर बिननंबरची जीप उभी असते. कुणी उतरत न्हाई. धर्मराज कोर्टातून घरी पोचलाच न्हाई. त्याची बायको साखराबाई आपल्या दारात येऊन आईच्या गळ्यात पडून रडली, दीड वर्षात पहिल्यांदा आपल्या दारात आली. त्रिंबक सर अंजलीताईंना भेटून आले, त्यांना जे ठाऊक हाय ते लिहून देतो म्हणाले. परत गेल्यापासून त्यांचा फोन लागत न्हाई. मी आणि आई परवापासून ताईंकडं हाव. मी भ्याले का? हो, लई भ्याले. ब्रश धरवत न्हाई.

आता पुढचं तुला न्हाई. हे पत्र तुझ्या हातात यायच्या आधी तिथले एक साहेब वाचतात आणि त्यावर तारखेचा शिक्का मारतात. मला त्यांचं नाव ठाऊक न्हाई. हे त्यांना.

साहेब, जय भीम. मी आम्रपाली गायसमुद्रे, वय सव्वीस, राहणार चिंचखोरी, तालुका अंबाजोगाई. मी शुद्धीत लिहीत आहे. मला कोणताही आजार नाही. मी कोणावर रुसलेली नाही, माझं कोणाशी लग्न ठरलेलं नाही, घर सोडून जाण्याचा माझा विचार नाही. मी विहिरीवर जात नाही, हापसा दारातच आहे. मला पोहता येतं. टाकीच्या शिडीवर मी कधी चढलेले नाही आणि चढणार नाही. माझ्या डोळ्यांना दूरचं कमी दिसतं, पण चष्मा लावल्यावर रस्ता नीट दिसतो.

सोमवार, ६ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजता मी इथल्या कोर्टात माझ्या भावासाठी साक्ष द्यायला हजर राहणार आहे. त्या दिवशी मी दिसले नाही, तर मी माझ्या मर्जीनं आले नाही असं कोणीही सांगितलं तरी खरं धरू नका. तुमच्याकडं ही माझी सही आहे. शिक्का तेवढा नीट उमटेल असा मारा.

आम्रपाली गायसमुद्रे